फिरायला गेलेल्यांचा हिशेब कोण मागतो?

शिष्यवृत्तीवर युरोपात शिकायला गेलेली आपली एखादी मुलगी शनिवार-रविवार जोडून पॅरिसला किंवा प्रागला जाते. पुलावर उभे राहून काढलेला फोटो टाकते. खाली आधी ‘जय भीम’, ‘अभिमान आहे’ अशा प्रतिक्रिया येतात, मग दुसरा सूर लागतो. सरकारच्या पैशावर पर्यटन चालले आहे. करदात्यांचा पैसा आहे. शिकायला पाठवले की फिरायला?

हा सूर सवर्ण मित्रांचाच असता तर मी हा लेख लिहिला नसता. त्याची आपल्याला सवय आहे. पण अलीकडे तो आपल्याच कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकू येतो, आणि त्याला बाबासाहेबांचे नाव जोडलेले असते. ‘बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे आणि तुम्ही आयफेल टॉवर बघत बसलात!’ या वाक्याला तपासून पाहण्याची गरज आहे, कारण ते ऐकून आपली मुले फोटो काढून टाकतात आणि गप्प बसतात.

आधी पैशाचे बघू. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. तिच्या जागा साऱ्या देशासाठी १२५. आपल्या राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ७५ जागा. केंद्राच्या योजनेत ब्रिटनमध्ये शिकणाऱ्याला निर्वाहभत्ता मिळतो वर्षाला ९,९०० पौंड, म्हणजे महिन्याला ८२५. आता ब्रिटिश सरकारचाच नियम बघा. लंडनमध्ये शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याकडे राहण्या-खाण्यासाठी महिन्याला १,४८३ पौंड असायला हवेत, असे त्यांनी जानेवारी २०२५ पासून ठरवले होते. ज्या देशात राहायचे तो देश तेव्हा सांगत होता १,४८३, आणि आपले सरकार देते ८२५. यातून कोण चैन करणार? ही मुले हॉटेलात भांडी घासतात, गोदामात खोकी उचलतात, आठवड्याला परवानगी आहे तेवढे तास काम करतात आणि त्यातून पंधरा-वीस युरोचे रात्रीच्या बसचे तिकीट काढतात. रात्र बसमध्ये काढली की मुक्कामाचे भाडे वाचते. हा हिशेब ज्याला कळतो त्याला पर्यटन आणि या प्रवासातला फरक सांगावा लागत नाही.

आणि ही शिष्यवृत्ती तरी हातात वेळेवर पडते का? २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राच्या योजनेत १०६ जण निवडले गेले. पत्रे आधी ४० जणांनाच मिळाली. उरलेल्या ६६ जणांना सांगितले गेले की निधी उपलब्ध झाला तर बघू. विद्यापीठाची तारीख मात्र निधीसाठी थांबत नाही. त्या आठवड्यांत किती जणांनी सरकारकडे हिशेब मागितला? एका मुलीच्या रविवारचा हिशेब मागणारे तेव्हा कुठे होते?

आता दुसरी बाजू. फिरणे म्हणजे शिक्षण नाही, हे मुळात कोणी ठरवले? सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या उमरावांची मुले शिक्षण संपवताना फ्रान्स, इटलीत वर्ष-दोन वर्षे हिंडत. त्याशिवाय त्यांना कोणी शिकलेले समजत नसे. आजच्या युरोपने तेच सर्वांसाठी केले. एरॅस्मस योजना १९८७ मध्ये सुरू झाली ती एका देशातल्या विद्यार्थ्याने दुसऱ्या देशात जाऊन शिकावे म्हणून. २०१८ पासून युरोपियन युनियन अठरा वर्षांच्या मुलांमधून निवड करून त्यांना रेल्वेचा फुकट पास देते, युरोप बघून या म्हणून. तिथले सरकार स्वतःच्या पोरांना फिरायला पैसे देते आणि त्याला शिक्षण म्हणते. आपल्याकडेही वडिलांच्या पैशावर गेलेला मुलगा सात देश फिरून आला की नातेवाईक त्याला ‘एक्स्पोजर’ म्हणतात, आणि नोकरी देणाराही त्याचे मोल करतो. शिष्यवृत्तीवाल्याने तेच केले की ती उधळपट्टी. एके काळी समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घेणाऱ्यांची नातवंडे आज दर उन्हाळ्यात समुद्र ओलांडतात, त्याचे कोणाला काही वाटत नाही. याचा अर्थ प्रश्न पैशाचा नाही. कोणाच्या पायांना कुठवर जाण्याची मुभा आहे, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न जातीचाच आहे, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे छोटेसे आत्मकथन पुन्हा उघडून बघा. स्वतःच्या आयुष्यातले जे प्रसंग त्यांनी त्यात निवडले, ते सगळे प्रवासाचे आहेत. मसूरच्या स्टेशनवर भावंडांसोबत उतरलेला लहान भीम, ज्याला बैलगाडीवाला घ्यायला तयार नाही. परदेशातून शिकून आलेला तरुण, ज्याला बडोद्यात राहायला जागा नाही. १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाल्यांनी नाकारलेला नेता. आणि १९३४ चा दौलताबाद.

हा शेवटचा प्रसंग आपल्या वादाशी थेट जोडलेला आहे. त्या वर्षी सहकाऱ्यांनी इच्छा व्यक्त केली की आपण कुठेतरी प्रेक्षणीय स्थळे बघायला जाऊ, साहेबांनी सोबत यावे. साहेब हो म्हणाले. सभा नव्हती, परिषद नव्हती. तीसेक जणांची सहल होती. वेरूळची लेणी बघायचीच, असे ठरले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी प्रवासाची धूळ धुवायला काही जणांनी हौदातल्या पाण्याने हातपाय धुतले आणि हौद बाटवला म्हणून लोक धावून आले. शेवटी किल्ला बघायला मिळाला, पण आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला गेला. सहलीला गेलेल्या माणसांमागे पहारा! मला वाटते, फोटोखाली हिशेब मागणाऱ्याने आपण त्या चित्रात कुठे उभे आहोत हे एकदा ठरवावे.

आता अठरा तासांच्या अभ्यासाचे. बाबासाहेबांचा अभ्यास अफाट होता, यात वाद नाही. पण त्यांच्या लंडनमधल्या अर्धपोटी दिवसांना आपण व्रत करून टाकले आहे. ते व्रत नव्हते, ती तंगी होती. अमेरिकेत असताना बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती आणि त्यातून घरीही पैसे पाठवायचे होते. १९१७ मध्ये मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीत साठवलेल्या पैशावर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि मित्र नवल भथेनांच्या कर्जावर. तरीही हा माणूस १९२२ मध्ये जर्मनीत बॉन विद्यापीठात नाव नोंदवायला गेला. लंडनमध्ये बसून डिग्री मिळत होती, मग बॉन कशाला? कारण ज्ञान जिथे आहे तिथे स्वतः जायचे, हा त्यांचा स्वभाव होता. त्यांनी उपास काढला तो पुढच्या पिढीने काढू नये म्हणून. त्यांची तंगी आपल्या मुलांवर आदर्श म्हणून लादणे, हा त्यांचा अनुनय नव्हे.

मी जव्हार-मोखाड्यात काम करते. इथून लंडनबद्दल लिहिणे काहींना विचित्र वाटेल. पण हा प्रश्न मला इथेच जास्त स्पष्ट दिसतो, कारण इथली माणसे खूप प्रवास करतात. दिवाळी झाली की पाड्यांवरून वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबे निघतात. भिवंडी, वसई, वाड्याच्या वीटभट्ट्यांवर जातात. मालकाकडून बयाणा आधीच उचललेला असतो. सोबत पातेली, कोंबड्या आणि शाळेतून काढलेली पोरे असतात. परत येतात ती पावसाच्या तोंडाला. याला इथे म्हणतात ‘जगायला जाणे’. घर बंद दिसले की शेजारी सांगतो, ‘जगायला गेली.’

आणि त्याच वेळी मुंबई-नाशिकहून गाड्या इकडे येतात. पावसाळ्यात दाभोशाचा धबधबा, सूर्यमाळ, जव्हारचा जयविलास राजवाडा. शनिवार-रविवारी रस्त्याला गाड्यांची रांग लागते. ते फिरायला येतात. ज्या मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते, त्याच मोखाड्यात उन्हाळ्यात बायका हंडा घेऊन दरीत उतरतात, आणि त्यांचाही फोटो कोणीतरी काढतो. म्हणजे एका बाजूला जगायला जाणारे, दुसऱ्या बाजूला फिरायला येणारे. एकाने बघायचे, दुसऱ्याने दिसायचे. वारली चित्रांचेही तेच झाले. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे यांची चित्रे युरोपातल्या कलादालनांत पोचली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ज्या पाड्यांवर ही कला जन्मली, तिथली किती मुले ती दालने बघायला गेली? आपली चित्रे जातात, आपले पाणी जाते, आपले श्रम जातात. आपली माणसे स्वतःच्या मर्जीने, नुसते बघायला, कधी जातात?

म्हणून आश्रमशाळेत शिकलेली, वीटभट्टीवर बालपण गेलेली एखादी मुलगी उद्या युरोपातल्या कुठल्याशा स्टेशनवर उभी राहून ‘या शनिवारी कुठे जाऊ?’ असा विचार करील, तेव्हा तो विचार क्षुल्लक नसेल. तिच्या घराण्यात जगायला सगळे गेले असतील, फिरायला जाणारी ती पहिली असेल. त्यातही ती मुलगी आणि एकटी, म्हणजे बंधने दुप्पट तुटली. हे बघून ज्याला राग येतो त्याने आपला राग कुठून आला ते शोधावे.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. कार्यकर्ते म्हणतात, ही मुले जातात, फोटो टाकतात आणि समाजाला विसरतात. परत येत नाहीत, आली तरी वस्तीत येत नाहीत. हे काही प्रमाणात खरे आहे. पण त्यावरचा उपाय त्यांचे फिरणे बंद करणे हा नाही. समाजाचे ऋण कष्टी चेहरा करून फिटत नाही, पाहिलेले वाटून फिटते. तथागतांनी भिक्खूंना चारिका करायला सांगितली ती बहुजनांच्या हितासाठी. त्या फिरण्याला सांगण्याची जोड होती.

तेव्हा परदेशी गेलेल्या मित्रमैत्रिणींना माझे सांगणे एवढेच आहे. अभ्यास चोख करा, कारण तुमच्या नापास होण्याची वाट बघणारे खूप आहेत. मग खुशाल फिरा. नुसता समुद्र बघावासा वाटला तर नुसता समुद्र बघा, त्यालाही कारण लागत नाही. लंडनला गेलात तर किंग हेन्री रोडवरचे १० नंबरचे घर बघालच, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. पण बर्लिनला गेलात तर नाझींनी मारलेल्या सिंती आणि रोमा लोकांचे स्मारकही बघा. रोमांचे पूर्वज भारतातून गेले आणि युरोपाने त्यांना शतकानुशतके गावाबाहेर ठेवले. हंगेरीत शायोकाझा नावाच्या गावात रोमा मुलांसाठी २००७ मध्ये एक शाळा निघाली. तिचे नाव डॉ. आंबेडकरांच्या नावावर आहे आणि ती काढणारे लोक स्वतःला जय भीम म्हणवतात. युरोपात शिकणाऱ्या आपल्या किती मुलांनी त्या वाटेचे तिकीट काढले? जातीचे भाऊबंद जगभर आहेत, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्यांच्या अंगणात बसून चहा पिणे वेगळे.

आणि परतल्यावर, किंवा तिथूनच, मराठीत लिहा. फोटोखाली दोन ओळी जास्त लिहा. पासपोर्टला कोणती कागदपत्रे लागली, बँकेत किती रक्कम दाखवावी लागली, शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता येईपर्यंत कसे निभावले. जर्मनीत शिकणाऱ्याला शेंगेन करारातल्या बाकीच्या देशांत जायला वेगळा व्हिसा लागत नाही, ब्रिटनमध्ये शिकणाऱ्याला लागतो आणि त्याची फी ९० युरो आहे. या गोष्टी ज्यांच्या घरात तीन पिढ्या परदेशी गेल्या त्यांना जेवताना कळतात. मोखाड्याच्या वसतिगृहातल्या मुलाला त्या कोण सांगणार?

कार्यकर्त्यांनाही काम आहे. तालुक्याच्या ठिकाणी जातप्रमाणपत्राची शिबिरे आपण घेतो, तशी पासपोर्टची घ्या. आश्रमशाळेची सहल आपल्याच जिल्ह्यातल्या मंदिरापाशी न थांबता मुंबईच्या विद्यापीठापर्यंत, संग्रहालयापर्यंत जाईल असे बघा. निर्वाहभत्ता त्या त्या शहराच्या खर्चाशी जोडला जावा आणि निवड झालेल्या प्रत्येकाला विद्यापीठ सुरू होण्याआधी पैसे मिळावेत, यासाठी समाजकल्याण आणि आदिवासी विकास या दोन्ही खात्यांच्या दारात बसा. हिशेब मागायचाच असेल तर तो तिथे मागा.

जगायला जाणाऱ्यांच्या लेकरांना फिरायला जाता आले पाहिजे. समतेच्या मोठ्या व्याख्या बाजूला ठेवल्या तरी जव्हारच्या एसटी स्टँडवर उभे राहून मला एवढी व्याख्या पुरते.

जय भीम. जोहार.