झाड पडेल का? आधी खाली बघा!

प्रत्येक सोसायटीत दोन पार्ट्या असतात. एक 'तोडा' पार्टी आणि दुसरी 'वाचवा' पार्टी. मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस येतो, पार्किंगमधल्या गुलमोहराची फांदी कुणाच्या तरी नव्या कोऱ्या गाडीवर पडते आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर युद्ध पेटतं. 'तोडा' पार्टी म्हणते, कुणाचा जीव गेल्यावर जागे होणार का? 'वाचवा' पार्टी म्हणते, आधी तुमचे एसी बंद करा, मग झाडावर बोला! गंमत म्हणजे एवढ्या मेसेजेसमध्ये एकानेही खाली उतरून त्या झाडाकडे नीट बघितलेलं नसतं.

आता बघायचं म्हणजे काय बघायचं, हा चक्क एक व्यवसाय आहे. असं काम करणाऱ्याला आर्बोरिस्ट म्हणतात. आर्बोरिस्ट लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९२४ सालापासून आहे आणि २०१३ पासून तर झाडाचा धोका कसा मोजायचा, याची वेगळी परीक्षाच ती घेते. माझा एक मित्र हेच काम करतो. बॉटनी शिकलेला, हातात रबरी हातोडी, पाठीवर सॅक. व्हिजिटिंग कार्ड दिलं की लोक विचारतात, "म्हणजे माळी का?" तो बिचारा हसून हो म्हणतो. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं.

हिरवं म्हणजे फिट?

जुलै २०१७ मध्ये चेंबूरला सकाळी फिरायला निघालेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं आणि त्यात तिचा जीव गेला. त्या झाडाबद्दल रहिवाशांनी आधीच तक्रार केली होती. पाहणीही झाली होती आणि झाड ठीक आहे, असं ठरलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या पारसला वादळी पावसात एक जुना कडुनिंब देवळाच्या पत्र्याच्या शेडवर पडला. पावसापासून आडोसा म्हणून लोक त्याच शेडखाली उभे होते. सात जण गेले.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तपासणीच धड होत नाही. पण सिंगापूरचं काय? तिथल्या बोटॅनिक गार्डनमध्ये फेब्रुवारी २०१७ मध्ये २७० वर्षांहून जुनं, ४० मीटर उंच टेंबुसूचं झाड मुळासकट उलटलं आणि एका भारतीय महिलेचा जीव गेला. त्या झाडाची वर्षातून दोनदा तपासणी व्हायची. शेवटची आदल्याच सप्टेंबरमध्ये झाली होती आणि तेव्हा ते निरोगी होतं.

म्हणजे हिरवीगार पानं हे काही फिटनेस सर्टिफिकेट नाही. पानांना पाणी पोचवायचं काम सालीलगतचं लाकूड करतं, आतला गाभा कुजला तरी वरचा पर्णसंभार मजेत असतो. पण याची दुसरी बाजूही आहे. पोकळ झाड म्हणजे मेलेलं झाड, हेही चूक. क्लाउस मॅथेक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पडलेली आणि उभी अशी भरपूर झाडं मोजून एक ढोबळ नियम सांगितला. खोडाच्या त्रिज्येच्या साधारण ३० टक्के जाडीचं निरोगी लाकूड सगळीकडून शिल्लक असेल, तर पोकळ खोडही बऱ्यापैकी भार पेलतं. समजा, खोडाची त्रिज्या ५० सेंटीमीटर आहे, तर भोवतीची भिंत १५ सेंटीमीटरची हवी. पाइप पोकळच असतो की! मात्र त्या पाइपला चीर गेलेली असेल, तर हे गणित धरायचं नाही.

आणि घाबरून जाण्याआधी एक आकडा. ब्रिटनमध्ये २०११ साली काढलेल्या हिशेबानुसार झाड किंवा फांदी पडून मरण येण्याची शक्यता वर्षाला साधारण एक कोटीत एक. आपला मान्सून, आपले सिमेंटचे फुटपाथ आणि आपली छाटणी बघता तो आकडा जसाच्या तसा इथे लागू होणार नाही. पण उभं असलेलं प्रत्येक झाड म्हणजे टाइमबॉम्ब नव्हे, एवढं त्यातून नक्की कळतं.

तीन प्रश्न

माझ्या मित्राचा फंडा एकदम सोपा आहे. तो तीन प्रश्न विचारतो. एक, पुढच्या ठरावीक मुदतीत, म्हणजे समजा वर्षभरात, हे झाड किंवा त्याची फांदी मोडण्याची शक्यता किती? दोन, मोडलीच तर ती कुणावर पडेल? तीन, पडली तर नुकसान किती? तिन्ही उत्तरं एकत्र केल्यावर धोका ठरतो: कमी, मध्यम, जास्त किंवा अति.

आता गोची कुठे होते बघा. आपण सगळे पहिल्याच प्रश्नावर भांडतो. दुसऱ्याचं नावच काढत नाही. भर माळावर उभं असलेलं, पूर्ण वठलेलं झाड उद्या पडलं तरी कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही. उलट त्यात घुबडं आणि पोपट संसार करतात. आणि शाळेच्या गेटवरच्या तगड्या झाडाची एकच वाळकी फांदी मात्र आजच्या आज काढायला हवी. धोका एकट्या झाडात नसतो, झाड आणि खालचा माणूस यांच्यात असतो. आणि या दोघांपैकी हलवता येतो तो माणूसच!

नागोठण्याच्या अलीकडे

हे सगळं मी ऐकून होते. डोळ्यांनी बघितलं ते मुंबई-गोवा हायवेवर. पालीच्या बाजूला मित्राचं एक काम होतं. मी म्हटलं, येते मी पण, येताना बल्लाळेश्वराचं दर्शनही होईल.

हा हायवे ज्यांनी आधी बघितलाय, त्यांना दोन्ही बाजूंच्या झाडांची कमान आठवत असेल. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाला २०११ साली सुरुवात झाली, मग ते वर्षानुवर्षं रखडलं, आणि त्यात जुनी झाडं हजारोंनी गेली. त्यांच्याबद्दल लिहून आलंय, आणखीही यावं. पण जी वाचली त्यांचं काय, हे फारसं कुणी विचारत नाही. रस्त्याचा, गटाराचा, केबलचा चर त्यांच्या किती जवळून गेला? झाडाची बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यामुळे खोडाला धक्का न लावता झाडाचे पाय कापता येतात. ते वर दिसतही नाही. दिसतं ते चार-पाच पावसाळ्यांनंतर.

त्यात नागोठणं पडलं अंबा नदीच्या काठी. जोरदार पावसात नदीचं पाणी गावात शिरतं, हे इथल्या लोकांना नवीन नाही. भिजून सैल झालेली माती आणि त्यावर वारा, हे कॉम्बिनेशन झाडांसाठी सगळ्यात वाईट. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन-मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि आत रोहा तालुक्यालाही फटका बसला.

तर, नागोठण्याच्या थोडं अलीकडे आम्ही एका टपरीवर चहाला थांबलो. शेताच्या बांधावर एक रायवळ आंबा, रस्त्याकडे झुकलेला. त्याच्या सावलीत टपरी आणि दोन बाकडी. मित्राने चहा हातात घेतला आणि वटपौर्णिमेच्या बायकांसारखा आंब्याला प्रदक्षिणा घालू लागला. टपरीवाले काका बघतच राहिले.

"काय बघताय दादा? घ्यायचंय का झाड? लाकडाचा व्यापारी दोनदा येऊन गेला. म्हणतो, पडायच्या आधी विका."

"घ्यायचं नाही हो काका. तब्येत बघतोय."

"बघा, बघा. माझ्या आज्याच्या वेळचं आहे. पोरगा म्हणतो, तोडा. पण झाड गेलं तर उन्हात गिऱ्हाईक कशाला थांबेल?"

काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्या टपरीत विकायला चहा-वडा होता, पण गाड्या थांबत होत्या त्या सावलीसाठी.

मग सुरू झाली तपासणी. पहिला मुद्दा, झुकाव. मित्राने शेंड्याकडे बोट दाखवलं. खोड तिरकं होतं, पण वर जाऊन ते हळूहळू सरळ झालं होतं. म्हणजे हा झुकाव जुना, झाडाने तो ओळखून स्वतःला सावरलंय. काळजी करायची ती अख्खं खोड एका रेषेत तिरकं झालं असेल आणि मागच्या बाजूची माती उचलली गेली असेल किंवा तिला भेगा पडल्या असतील, तर. तसं इथे नव्हतं.

दुसरा मुद्दा, बुंधा. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीजवळ हत्तीच्या पायासारखा पसरत जातो. तिथे लाकडासारखी टणक, अर्धगोल बुरशी उगवलेली दिसली तर समजायचं, खाली मुळं कुजतायत. इथे पंचाईत अशी, की बुंध्याला गेरू आणि चुन्याचे जाडजूड पट्टे मारलेले. दिसायला छान, पण खालची चीर, भोक सगळं झाकून जातं. गावातल्या पाराचंही तेच. दगडी पारावर गप्पा झकास रंगतात, पण झाडाचा पाय मात्र आत बंदिस्त. मित्राने हातोडीने ठिकठिकाणी ठोकून बघितलं, आपण फणस वाजवून बघतो तसं. आवाज भरीव येत होता. शंका असती, तर पुढची यंत्रं आहेत. एकात बारीक ड्रिल आत जाताना लाकडाचा विरोध कागदावर उमटतो, दुसऱ्यात ध्वनिलहरींवरून खोडाचा आतला नकाशा मिळतो. पण त्यांची गरज दर वेळी पडत नाही.

तिसरा मुद्दा, रस्त्याची बाजू. तिथे गटारासाठी चर खणलेला होता, खोडापासून जेमतेम सहा-सात फुटांवर. त्या बाजूची किती मुळं गेली, हे माती हलक्या हाताने उकरून बघावं लागणार होतं.

आणि चौथा मुद्दा मला स्वतःला दिसला. थेट बाकड्यांच्या वर मांडीएवढी जाड, साल सुटलेली, वाळलेली फांदी!

मित्राने कागदावर चारच ओळी लिहून दिल्या. वाळकी फांदी पावसाआधी काढा, पण खोडाला घासून कापू नका, तिच्या मुळाशी असलेला फुगवटा तसाच ठेवा. पावसाळ्याचे चार महिने बाकडी शेताच्या बाजूला, पंधरा फूट लांब. चराच्या बाजूची मुळं उकरून तपासा. पावसाळा संपल्यावर पुन्हा दाखवा. आणि झाड तोडायचंच झालं, तरी आंबा १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतो, परवानगीशिवाय हात लावता येणार नाही, हेही सांगितलं.

"म्हणजे तोडायचं नाही?" काकांनी पुन्हा विचारलं.

"बाकडं तोडायचं नाही, झाडही नाही. दोघांना एकमेकांपासून जरा लांब ठेवायचं."

काकांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

पुढे गणपतीत कोकणात जाताना मी मुद्दाम तिथे थांबले. फांदी काढलेली होती, बाकडी शेताच्या बाजूला, वर निळी ताडपत्री. आंबा उभा होता. मी खुश होऊन मित्राला फोन केला, तर म्हणतो कसा, "यातून काही सिद्ध होत नाही. मुळं उकरली का, ते विचार."

उकरली नव्हती. मी काकांना पुन्हा आठवण करून दिली.

पावसाआधी एवढं बघाच

तुमच्या ऑफिसच्या गेटवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गावच्या घरामागे जे झाड असेल, त्याला एक पूर्ण प्रदक्षिणा घाला. वाळक्या, लोंबकळणाऱ्या फांद्या, दोन फांद्यांच्या बेचक्यातली चीर, बुंध्यावरची टणक बुरशी, उचललेली माती, नवा झुकाव यातलं काहीही दिसलं, तर फोटो काढा. तोच फोटो पुढच्या मे महिन्यात त्याच जागेवरून पुन्हा काढा. दोन्ही शेजारी ठेवले की जे एरवी नजरेतून सुटतं, ते दिसतं.

बुंध्याला चिकटलेलं सिमेंट काढून आळं मोकळं करायला सांगा. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायचा आदेश दिला होता, तो हिशेब आपल्यालाही चालेल. पोकळीत सिमेंट भरू नका, त्याने झाड मजबूत होत नाही आणि आतली कूज दिसेनाशी होते. झाड बोडकं करून घेऊ नका. तिथून फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि चार वर्षांनी तेच मोडतात.

शहरात झाड तोडायला किंवा छाटायला १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज करताना 'झाड धोकादायक आहे' एवढंच लिहू नका. कुठली फांदी, काय दिसतंय, खाली कोण असतं आणि दिवसातून किती वेळ, हे लिहा, फोटो जोडा. पाहणीला येणाऱ्या माणसाला नेमकं कुठे बघायचं ते कळलं पाहिजे. मुंबईत झाड पडलं किंवा पडायला आलंय असं वाटलं, तर महापालिकेचा १९१६ हा नंबर आहे.

आणि वारा सुटला की झाडाखाली गाडी लावायची नाही, आडोशाला उभंही राहायचं नाही. थोडं भिजा. तपासणीच्या अख्ख्या यादीतला हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.