शपथ आणि पळवाट

‘सैन्यात तो आपण होऊन गेला, मग आपण होऊन परत का येऊ नये?’ लष्करातून पळून आलेल्या जवानाविषयी असा युक्तिवाद पुण्यासारख्या छावणीच्या शहरातही ऐकू येतो. आपल्याकडे सक्तीची लष्करभरती नाही. प्रत्येक जवान स्वेच्छेने शपथ घेतो. म्हणून ती शपथ हलकी, असा या मंडळींचा समज. वस्तुतः ती म्हणूनच जड होते. बळजबरीने वदवून घेतलेल्या शब्दाला निदान सबब असते. स्वतः होऊन दिलेल्या शब्दाला कोणती?

‘पण सद्सद्विवेकच आड आला तर?’ प्रश्न रास्त आहे. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरातील कारवाईची वार्ता कळताच रामगढ, श्रीगंगानगर येथील शेकडो शीख जवान शस्त्रांनिशी छावण्या सोडून निघाले. त्यांची व्यथा खोटी नव्हती. ज्या ग्रंथसाहिबाच्या साक्षीने त्यांच्याकडून शपथ घेतली गेली, त्याच धर्माचे परमपवित्र स्थान रणभूमी झाले होते. ती व्यथा न ओळखणे हा राज्यकर्त्यांचा दोष होय. परंतु रामगढला ब्रिगेडियर एस. सी. पुरी यांची हत्या झाली आणि विवेकाचा दावा तिथेच संपला. त्या वेळचे लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांनी आपली शपथ पाळली. निवृत्तीनंतर, १० ऑगस्ट १९८६ रोजी, याच पुण्यात मारेकऱ्यांच्या गोळ्यांनी त्यांचा बळी घेतला.

विवेकाची खरी रीत ऑस्ट्रियाचा शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर याने दाखविली. त्याच्यावर तर सक्ती होती. तरी तो पळाला नाही. १९४३ साली तो स्वतः छावणीत हजर झाला, हिटलरसाठी लढण्यास त्याने उघड नकार दिला आणि ९ ऑगस्टला शिरच्छेद स्वीकारला. २००७ मध्ये धर्मसभेने त्याला धन्य घोषित केले. नकार देणारा आपल्या कृतीचे मोल स्वतः चुकवितो. पळणारा ते पहाऱ्यावर उरलेल्या सोबत्याच्या माथी मारतो.

अर्थात, शब्द दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो. २०२२ च्या अग्निपथ योजनेने जवानाकडून प्राणांचीच शपथ घेतली. पण चार वर्षांनंतर फार तर चतुर्थांश तरुणांना कायम करण्याची हमी ठेवली. सेवेला कंत्राटाचे रूप देणाऱ्या शासनाला निष्ठेवर प्रवचन देण्याचा अधिकार कितपत उरतो?

तरीही शासनाच्या उणिवेने आपला शब्द रद्द होत नाही. विवाहवेदीपुढे अथवा गुरुदीक्षेच्या वेळी आपण जे ‘होय’ म्हणतो, ते सोयीच्या दिवसांपुरते नसते. ते ‘होय’ मागे घ्यावेच लागले, तर समोर उभे राहून घ्यावे. रात्रीच्या अंधारात कुंपण ओलांडून नव्हे.