लंडनचा करार, सीप्झची मजुरी

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, त्याचे अंधेरीला काय? संघात असताना ब्रिटनला असा करार स्वतंत्रपणे करताच येत नव्हता. बाहेर पडल्यावर 24 जुलै 2025 रोजी तो भारताशी झाला. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान स्टार्मर अंधेरीच्या यशराज स्टुडिओत येऊन गेले. (फोटो छान आले.)

रुळांच्या पूर्वेला सीप्झ आहे. तिथले दागिन्यांचे कारखाने 2025 मध्ये अमेरिकेच्या 50 टक्के शुल्काने हैराण झाले. ब्रिटनने दागिन्यांवरचे चार टक्क्यांपर्यंतचे शुल्क शून्य करायचे, असे या करारात ठरले. पण शुल्क वाचते आयातदाराचे आणि त्याचा फायदा होतो निर्यातदाराला. कारागिराच्या मजुरीत त्यातले किती उतरेल? मालकांच्या संघटना दिल्लीपर्यंत पोहोचतात. पॉलिश करणाऱ्याचे म्हणणे तिथे कोण नेतो? सवलत घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने मजुरीचा हिशेब जाहीर करावा, एवढी अट सरकारने घालावीच.