भोंगा वाजला, पण धावणार कोण?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतलं एक घर फुटलं आणि पंधरा दिवसांत जिन्याजिन्यात कॅमेरे उगवले. न्यू जर्सीहून चिरंजीवांचा फोन आला. ‘बाबा, आता तरी बसवून घ्या. एक दारावर, एक हॉलमध्ये. म्हणजे मला इथून दिसत राहील.’ ही शेजारीच भाजी निवडत होती. तिने विचारलं, ‘काय दिसत राहील रे?’ तो गप्प बसला.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे कुलपं-किल्ल्या या विषयातलं आपल्याला कळतं असा माझा समज आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी एका तालुक्याच्या गावी होतो. शाखेत कॅशियरच्या पायाशी एक बटण होतं आणि दर्शनी भिंतीवर मोठा भोंगा. दोन महिन्यांत तो पाच वेळा वाजला. कधी उंदराने वायर कुरतडली म्हणून, कधी कॅशियरने आळस देताना पाय लांब केले म्हणून. पहिल्या वेळी समोरचा किराणावाला काठी घेऊन धावत आला, पाठोपाठ हवालदारही आले. पाचव्या वेळी शेजारच्या हॉटेलवाल्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा भजी तळायला घेतली. भोंगा उत्तम चालू होता. त्याला ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

आज घरासाठी यंत्रणा निवडताना दुकानदार मेगापिक्सेल सांगतो, रात्रीचं रंगीत दिसतं म्हणतो. भोंगा वाजल्यावर येणार कोण, हे तो विचारत नाही. अमेरिकेत पुष्कळ घरांचा गजर कंपनीच्या नियंत्रण कक्षात वाजतो. तिथला माणूस आधी घरी फोन करतो, मग पोलिसांना कळवतो, आणि खोटे गजर फार झाले तर अनेक शहरांत घरमालकाला दंड भरावा लागतो. आपल्याकडे बहुतेक घरांचा गजर आपल्याच मोबाइलवर येतो. आपण काशीला असलो तर गंगेच्या काठी बसून आपलं कपाट फुटताना बघायचं! तेव्हा आधी शेजाऱ्याशी, वॉचमनशी बोलून ठेवावं आणि मग दुकानात जावं.

कॅमेरा आणि गजर ही एकच वस्तू नव्हे, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दार उघडताच चुंबकाची जोडी सुटून ओरडणारा साधा गजर चोरी चालू असताना बोलतो. कॅमेऱ्याची खरी साक्ष दुसऱ्या दिवशी. तीही रेकॉर्डर टीव्हीखाली उघड्यावर ठेवला तर चोर बरोबर घेऊन जातो. वीज गेली की वायफायही जातं, म्हणून राउटरला बॅटरी हवी. आणि बसवणारा मुलगा स्वतःच्या मोबाइलवर खातं उघडून देत असेल तर त्याला तिथेच थांबवा. बँकेत स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असत, इथे आपण एकुलती किल्ली सुताराकडेच ठेवून येतो.

कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला तर काय होतं, ते २०१६ साली जगाने पाहिलं. ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने असेच हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर त्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या नामांकित वेबसाइट काही तास बंद पाडल्या. आपल्या सरकारने एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची तपासणी सक्तीची केली, हे चांगलंच झालं. दुकानदाराकडे त्या तपासणीचा दाखला अवश्य मागावा.

पण तपासलेला कॅमेराही शेवटी कुणाला तरी घर दाखवतोच. अमेझॉनच्या ‘रिंग’ कंपनीचे कर्मचारी ग्राहकांच्या खासगी चित्रफिती पाहू शकत होते, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ साली ठेवला. काही चित्रफिती बायकांच्या शयनगृहातल्या होत्या. प्रकरण ५८ लाख डॉलरांवर मिटलं. आपल्याकडे एकाच वास्तूत राहणाऱ्या दोन भावांचा वाद कोलकाता उच्च न्यायालयात गेला होता. सोबत राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असा निकाल फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

हे सगळं मी चिरंजीवांना फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, ‘बाबा, चोराचं जाऊ द्या. आई बाथरूमपाशी पडली होती, तेव्हा मला दोन दिवसांनी कळलं.’ मला यावर बोलता येईना. त्याची काळजी खोटी नव्हती आणि त्याला ते कळवायचं नाही असं आम्हीच ठरवलं होतं.

फोन हिने घेतला. ‘अरे, दिवसभर मी गाऊनवर असते. शोभाबाई घाम पुसत पंख्याखाली बसतात, त्यांना काय सांगू? तू रोज रात्री नऊला फोन कर, मी उचलला नाही तर खालच्या जोशीवहिनींना कर.’

दारावरचा कॅमेरा बसला. दाराला गजरही लावला आणि त्याचा आवाज जोशीवहिनींना एकदा मुद्दाम ऐकवला. फोन मात्र नऊला येतोच असं नाही, कधी साडेदहा होतात. तोवर ही जागी असते.