डिस्क भरली, नेट थांबले

आपल्या विहारांतून अभ्यासिका निघाल्या, त्यांत देणगीचे चार-सहा संगणक आले. सर्वांना मिळून नेटची जोडणी एकच. ती वाटून देणारा लिनक्सचा एक संगणक कोपऱ्यात असतो, त्याला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. त्यावर बहुधा स्क्विड नावाचा प्रोग्रॅम चालतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत संपत आली आणि नेमका तोच थांबला, तर एखाद्या मुलीचे वर्ष बुडते.

डिस्क भरली की स्क्विडला नोंद लिहायला जागा उरत नाही आणि तो बंद पडतो. लगेच कोणीतरी म्हणतो, नवी डिस्क घ्या, वर्गणी काढा. आमचे म्हणणे, आधी जागा कोणी खाल्ली ते बघा. 'डीएफ' आज्ञा दिली की डिस्क किती भरली ते कळते, 'डीयू' दिली की कोणत्या फोल्डरने किती जागा घेतली ते कळते.

आपल्या जिल्ह्यात १९९८ साली वारणानगर परिसरातील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प निघाला. त्या काळी नेट टेलिफोनच्या तारेवरून रखडत येई, म्हणून एकदा आलेले पान साठवून ठेवणारा प्रॉक्सी फार कामाचा. आज बहुतेक संकेतस्थळे कुलूपबंद पाकिटासारखी आहेत, आतले पान प्रॉक्सीला सहसा साठवता येत नाही. तेव्हा स्क्विडचा साठा मोठा ठेवण्यात अर्थ नाही. स्क्विड थांबवून तो रिकामा करावा आणि मर्यादा लहान करावी.

पण खरी खादाड असते ती नोंदवही, म्हणजे लॉग फाइल. ती चालू असताना नुसती पुसू नये. यादीतून नाव खोडले तरी गठ्ठा कपाटातच राहतो, तसे होते. स्क्विडने फाइल सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. त्यासाठी 'लॉगरोटेट' आहे. तो जुनी वही बांधतो, दाबून लहान करतो, नवी उघडून देतो आणि ठरल्या दिवसांपलीकडची नष्ट करतो.

किती दिवस ठेवायची? कचेरीत 'अ' वर्गाचे कागद कायम राहतात, 'ड' वर्गाचे वर्षभर. ही वही 'ड'च्याही खालची समजावी. कोणत्या संगणकावरून, किती वाजता, कोणते संकेतस्थळ उघडले, हे सारे तिच्यात असते. कोणत्या आजाराची माहिती कोणी शोधली, कोणत्या मुलीने परगावच्या वसतिगृहाची चौकशी केली, हे वस्तीत चघळायला किती वेळ लागतो? बिघाड शोधायला सात दिवसांच्या नोंदी पुष्कळ झाल्या. त्या बघण्याचा पासवर्ड समितीने दोघांकडेच द्यावा, त्यांत एक भगिनी असावी.

मुलांनी भरलेल्या अर्जांच्या प्रती आणि दाखले मात्र या डिस्कवर ठेवूच नयेत. ते वेगळ्या पेन ड्राइव्हवर, ज्याचे त्याच्याकडे.