पिंपाची साक्ष

दारूविषयी लिहू लागलेला मराठी लेखक पहिल्याच परिच्छेदात आपण पीत नाही असे तरी सांगतो, नाही तर किती पितो याची फुशारकी तरी मारतो. मी दोन्ही टाळतो. मला येथे एका फसवणुकीविषयी बोलावयाचे आहे. आणि फसवणूक पिणाऱ्याची झाली म्हणून ती पुण्यकर्म ठरत नाही. ज्या वाचकांना हा विषय दिवाळीच्या दिवसांत अमंगळ वाटेल त्यांनी खुशाल पान उलटावे.

आपल्याकडे व्हिस्की या नावाने जे विकले जाते त्यातील बहुतेक माल हा मळीच्या किंवा धान्याच्या निर्गंध स्पिरिटात थोडे माल्ट स्पिरिट घालून आणि जळक्या साखरेने रंग चढवून केलेला असतो. त्यातला मोठा भाग लाकडाच्या वाऱ्यालाही उभा राहिलेला नसतो. तरीही तो पेल्यात सोनेरी दिसतो, आणि पिणाऱ्याला वाटते की हे सोने काळाने दिले. काळाने नव्हे, कढईने दिले! युरोपच्या कायद्याप्रमाणे व्हिस्की धान्याचीच असली पाहिजे आणि ती 700 लिटरांहून मोठ्या नसलेल्या लाकडी पिंपात किमान तीन वर्षे राहिली पाहिजे. मळीच्या मद्याला तेथे हे नाव लावता येत नाही. स्कॉटलंडात तर ते लाकूड ओकचेच लागते. (ओक म्हटल्यावर मराठी माणसाला प्रथम आडनाव आठवते, येथे झाड अभिप्रेत आहे.) रंगासाठी जळकी साखर स्कॉच करणारेही घालतात, हे मी लपवीत नाही. पण त्यांची साखर मुरलेल्या मालावर पडते, आपली बहुधा मुरण्याच्या ऐवजी पडते.

हे लाकूड नेमके करते तरी काय? भट्टीतून उतरलेले स्पिरिट पाण्यासारखे स्वच्छ आणि जिभेला चरचरीत असते. पिंप आतून जाळलेले असते. त्या कोळशाच्या थरात गंधकाचे उग्र वास शोषले जातात. मागच्या लाकडातले लिग्निन उष्णतेने फुटून व्हॅनिलाचा गंध देते, लाकडातल्या शर्करा भाजून टॉफीची गोडी देतात, अमेरिकन पांढऱ्या ओकमधून खोबऱ्यासारखा वास उतरतो, युरोपीय ओकमधून तुरटपणा आणि मसाल्याची झाक. शिवाय फळ्यांच्या छिद्रांतून थोडी थोडी हवा आत येते आणि कच्चा उग्रपणा मोडते. जाणकारांचे म्हणणे असे की चवीचा निम्म्याहून अधिक हिस्सा पिंपाचाच असतो.

आपल्या भाषेत मुरणे हा फार सुंदर शब्द आहे, आणि लोणच्याचा दाखला येथे कोणालाही सुचेल. परंतु तो लंगडा आहे. चिनी मातीची बरणी लोणच्याला स्वतःचे काही देत नाही. खरा दाखला माठाचा. नवा माठ पाण्याला मातीचा वास देतो, स्वतः पाझरतो, थोडे पाणी हवेला देऊन उरलेले सुधारतो. आणि दोनतीन उन्हाळे गेले की त्याची छिद्रे बुजतात, मग तो नुसते भांडे होतो. पिंपाचेही तसेच. अमेरिकेत बर्बनसाठी कायद्याने नवे, जाळलेले ओकचे भांडे लागते. म्हणून एकदा वापरलेली पिंपे स्कॉटलंडला जातात आणि तेथे पुन्हा पुन्हा भरली जातात. चौथ्या खेपेच्या थकलेल्या पिंपात वीस वर्षे ठेवलेले मद्य हे वीस वर्षे थांबलेले मद्य असते, वीस वर्षे मुरलेले असेलच असे नाही.

येथे मला दुसऱ्या पक्षाशी भांडावयाचे आहे. नाशिकच्या दिवाणखान्यांत बाटलीवरचा आकडा वाचून माना डोलावणारा एक वर्ग आहे. बारा म्हणजे बरे, अठरा म्हणजे उत्तम, पंचवीस म्हणजे यजमानाच्या घरी मुलगी द्यावी! हा आकडा थंड देशाचा आहे. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला सुमारे 2 टक्के उडून जाते; तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगलोरला अमृत डिस्टिलरीचा अनुभव 10 ते 12 टक्क्यांचा आहे. आपण दहाच धरू. 200 लिटरांच्या पिंपात चार वर्षांनी 131 लिटर उरतील, आठ वर्षांनी 86, बारा वर्षांनी 56. स्कॉटलंडात त्याच बारा वर्षांनी 157. आपले देवदूत खादाड आहेत. पण उष्णतेत स्पिरिट लाकडात खोल शिरते आणि भराभर चव उचलते, हा त्याचा मोबदला. आपल्या जिल्ह्यात तर उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि निफाडला थंडीत एक आकडी होतो. स्पिरिटाला फळ्यांत शिरावयास आणि बाहेर यावयास याहून चांगला झोका कोठे मिळणार?

आणि आपल्या हवेत काही मुरत नाही, ही सबब तर केव्हाच निकालात निघाली आहे. अमृतने 2004 साली आपली सिंगल माल्ट भारतात नव्हे, थेट ग्लासगोत नेऊन विकावयास काढली. गोव्याच्या पॉल जॉनची 2012 मध्ये इंग्लंडात आली. दोन्ही वयाने पोरसवदा, दोन्ही तिकडच्या जाणकारांनी वाखाणलेल्या.

आता आपल्या मद्य उत्पादकांच्या संघटनांचे एक गाऱ्हाणे पाहा. ते म्हणतात, आमच्या उष्ण हवेत माल लवकर पिकतो, मग तीन वर्षांची अट आम्हांला का? मुद्दा शास्त्राला धरून आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. परंतु लवकर पिकते असे म्हणण्याचा अधिकार जो झाडाला आंबा लावतो त्याचा. जो रंग आणि अत्तर लावून कैरी विकतो त्याचा नव्हे. ज्यांनी पिंपे भरली त्यांनी ही अट मोडून काढावी. ज्यांनी भरली नाहीत ते त्यांच्या पाठीमागे लपून उभे आहेत, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

सरकारचेही तेच. 2025 च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवा वर्ग निर्माण केला. मद्य धान्याचे असावे, उत्पादक महाराष्ट्रातला असावा, 180 मिलिलिटरची किमान किंमत 148 रुपये असावी, हे सर्व ठरले. मुरवण्याविषयी एक अक्षर मला आढळले नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याकडून आजही परवाना मागणारे हे राज्य. त्याने करणाऱ्याकडून एवढे दोन शब्द मागू नयेत काय? कशापासून केले, आणि कोणत्या लाकडात किती महिने ठेवले, हे बाटलीवर छापा. महिने शून्य असतील तर शून्य छापा. ब्रिटनशी 2025 च्या जुलैत झालेल्या करारात स्कॉचवरचे आयात शुल्क 150 टक्क्यांवरून प्रथम 75 वर आणि पुढे दहा वर्षांत 40 वर उतरवण्याचे ठरले आहे. तिकडचा मुरलेला माल स्वस्त होत जाईल, तेव्हा आपल्या रंगीत मालाच्या बाजूने स्वदेशीची हाक येईल. त्या हाकेला ओ देण्यापूर्वी बाटली उलटून वाचावी.

नाशिकपुरते आणखी एक. गंगापूर, दिंडोरी, इगतपुरीकडच्या वाईनरींत ओकची पिंपे आहेत. तेथेही लाकडाचा सोस वाढतो आहे आणि तो मला सर्वत्र रुचत नाही. शेनँ ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँसारख्या नाजूक पांढऱ्या वाईनला पोलादी टाकीच बरी, लाकडाने तिचे फळ झाकते. शिराझला मात्र पिंप मानवते. पण काही हंगामांनी ही पिंपे वाईनच्या दृष्टीने निकामी होतात, आणि मी ती उपाहारगृहांच्या दारात मेज म्हणून उभी पाहिली आहेत. तैवानच्या कावालान डिस्टिलरीने असलीच वाईनची पिंपे आतून तासली, शेकली, पुन्हा जाळली आणि त्यांत आपली व्हिस्की भरली. तैवानची हवा आपल्याहून फार थंड नाही. त्या पिंपांतली त्यांची व्हिस्की 2015 साली एका जागतिक स्पर्धेत जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट ठरली. आमच्या पिंपांवर चहाचे कप ठेवले जातात.