रिकामा मंगळवार

दर आठवड्याला या पानावर मी पुस्तकांविषयी आणि ती लिहिणाऱ्यांविषयी चार बऱ्यावाईट गोष्टी सांगतो, आणि आपण त्या गोड मानून घेता. दिवाळी अंकासाठी संपादकांचा निरोप आला, "यंदा जरा प्रसन्न काहीतरी द्या." मी "बरे" म्हणून मोकळा झालो. पण दिवाळीच्या तोंडावर मराठीच्या प्राध्यापकाच्या टेबलावर काय असते, याची संपादकांना कल्पना नसावी. तेथे काव्य नसते. तेथे उत्पन्नाचे दाखले, अधिवासाचे दाखले, रेशनकार्डाच्या अस्पष्ट प्रती आणि बँकेच्या पासबुकाची पहिली पाने असतात. आमच्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती समितीचा मी प्रमुख आहे. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी मोठ्या चतुराईने ते काम टाळले आणि मला "नाही" म्हणता आले नाही, एवढीच माझी त्या पदासाठी पात्रता.

परवा रात्री जेवताना मी या कागदांविषयी कुरकूर करीत होतो. आई ताटावरून म्हणाली, "अरे, आमच्याकडे मंगळवारचा मुलगा यायचा, त्याला कुठे दाखला लागत होता?"

आईचे माहेर पुण्याचे, सदाशिव पेठेतले. ती लहान असताना, म्हणजे १९५० नंतरच्या दहा वर्षांत, घरोघरी वार लावून जेवणारी मुले पुण्यात अजून होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात दिवस सात घरांत वाटलेले. आईच्या घरी मंगळवारचा मुलगा यायचा. कोकणातला, हडकुळा, मान खाली घालून जेवणारा. आईला त्याचे नाव आठवत नाही. घरात तो 'मंगळवार'च होता. आजी त्याला घरच्या मुलांच्याच पंगतीत बसवी, कधी निराळे पान मांडीत नसे. पण आईने सांगितलेली खरी गोष्ट पुढेच आहे. एकदा आजोळची सगळी मंडळी लग्नासाठी साताऱ्याला निघाली. टांगा दाराशी उभा. आजोबा घाई करताहेत. आणि आजी मात्र लगबगीने समोरच्या बिऱ्हाडात गेली. "उद्या आमचा मंगळवार तुमच्याकडे जेवेल हो," असे सांगून, त्यांचा होकार घेऊन, मगच टांग्यात बसली. त्या मुलाचा मंगळवार रिकामा जायला नको होता.

आता या जुन्या पुण्याच्या आठवणीत फार रमू नये, हेही मला कळते. ती सात घरे सगळ्यांसाठी उघडी नव्हती. मुलाची जात पाहूनच वार मिळे. ज्यांना ती दारे बंद होती, त्यांच्यासाठी कुणीतरी निराळी घरे बांधावी लागली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. एकदा त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले. हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते, म्हणूनच त्याचे वजन आपल्याला जाणवत नाही. जरा थांबून विचार करा: एखाद्या घरातल्या बाईला हे सुचण्यासाठी पोराची भूक किती जवळून पाहावी लागली असेल!

शिष्यवृत्ती म्हटली की आपण देणाऱ्याचे नाव लक्षात ठेवतो आणि घेणाऱ्याचे. दोघांच्या मध्ये जो उभा असतो, त्याला विसरतो. सयाजीराव गायकवाडांनी डॉक्टर आंबेडकरांना शिकवले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बडोद्याच्या महाराजांना परळच्या चाळीतला मुलगा कसा ठाऊक होणार? कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षक आणि लेखक संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत बसत. तेथे एक शाळकरी मुलगा रोज पुस्तक घेऊन येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी होऊन चौकशी केली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे कॉलेजच्या खर्चाला वडिलांचे हात अपुरे पडू लागले, तेव्हा हेच केळुसकर गुरुजी त्याला महाराजांकडे घेऊन गेले. दरमहा २५ रुपये मिळू लागले. एल्फिन्स्टन कॉलेजातले मुल्लर नावाचे प्राध्यापक त्याला पुस्तके देत. १९१३ साली बडोद्याचीच, दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या कराराने भीमराव कोलंबिया विद्यापीठात गेले.

आणि शिष्यवृत्तीला मुदत असते हो! तेथून ते लंडनला गेले आणि शिक्षण अर्धे असतानाच मुदत संपली. १९१७ साली त्यांना परत यावे लागले. बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशाच्या ज्या खानावळवजा घरात उतरले होते तेथूनही त्यांना बाहेर काढले. १९२० साली पुन्हा लंडन गाठले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर. एका पदवीमागे इतकी माणसे उभी होती. आणि पुढची गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी पहिल्याच वर्षी सरकारला निवेदन दिले, त्यात अस्पृश्य मुलांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला होता. १९४४ पासून मॅट्रिकच्या पुढची सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. आमच्या कॉलेजात 'भारत सरकार' या दोन शब्दांनी जी ओळखली जाते, ती हीच. ज्याच्यासाठी कधी केळुसकर गुरुजी मध्ये उभे राहिले होते, तोच मोठेपणी हजारोंसाठी मध्ये उभा राहिला.

मी हे सगळे इतक्या उत्साहाने वर्गात सांगतो की मुले टिपणे घेतात. आता माझीच गोष्ट ऐका.

२०१९ साली द्वितीय वर्षाच्या वर्गात एक मुलगी होती. वडिलांचे इस्त्रीचे दुकान. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालचे टेबल. मुलगी निबंध असा लिही की मी तो घरी आणून पत्नीला वाचून दाखवावा. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरलेला होता. या व्यवस्थेत अर्ज विद्यार्थ्याने भरायचा, कॉलेजच्या कारकुनाने तपासायचा, प्राचार्यांच्या खात्यातून पुढे जायचा आणि मग सरकारी खात्याने मंजूर करायचा. मध्ये कोठे काही चुकले, तर 'त्रुटी' असा शेरा मारून तो परत येतो. तिचा अर्ज परत आला होता. उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा जोडला होता, एवढेच. परत आलेल्या अर्जांची यादी कारकुनाने गुरुवारी माझ्या हातात दिली. सोमवारी मुदत संपत होती. मला शनिवारी एका गावी व्याख्यानाला जायचे होते. विषय होता, लाज वाटते सांगायला, 'मराठी कादंबरीतील उपेक्षित माणूस'. यादी मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात ठेवली. मंगळवारी गठ्ठा सोडला तेव्हा ती हाती आली.

तिला बोलावून सांगितले. मला वाटले, रडेल, रागावेल. ती म्हणाली, "असू दे सर, तुम्हाला किती कामं असतात." त्या वाक्याने मला अजून झोपेतून जागे केले आहे. शुल्काचे पैसे मी भरतो म्हटले, तर नको म्हणाली. तिसऱ्या वर्षाला ती आली नाही. एका दुकानांच्या संकुलात कपड्यांच्या विभागात उभी असलेली मी तिला पाहिली. तिने ओळख दिली, हसली, आणि पत्नीसाठी पाहत होतो त्या साडीचा रंग जाईल, घेऊ नका, असे हळूच सांगितले. पुढे मुक्त विद्यापीठातून ती पदवीधर झाली, असे तिच्या एका मैत्रिणीकडून कळले. त्याचे श्रेय माझ्याकडे येत नाही.

पैशाचा तुटवडा आहे असे आपण म्हणतो, आणि तो आहेही. पण निदान आमच्या कॉलेजात पैशाच्या अभावाने जितके अर्ज बुडाले, त्याहून जास्त वेळेवर कुणी न सांगितल्यामुळे बुडाले. आणि दुसरे कारण लाजेचे. येथे आपण मध्यमवर्गीय माणसे मोठी चमत्कारिक वागतो. 'आमचे आजोबा शंकरशेट स्कॉलर' हे नातू तिसऱ्या पिढीतही सांगतो. सांगावेच, मॅट्रिकच्या संस्कृतसाठी असलेली ती जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती १९१२ साली चिंतामणराव देशमुखांनी मिळवली होती, ते त्या परीक्षेत पहिले आले होते. पण 'आमचे वडील ई.बी.सी.वर शिकले' असे मी कोणत्याही दिवाणखान्यात ऐकले नाही. वास्तविक यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास मुलांसाठी ती सवलत आली, आणि महाराष्ट्रातली किती घरे तिच्यावर वर आली! कॉलेजच्या सभागृहात सुवर्णपदके मिळवणाऱ्यांची नावे सोनेरी अक्षरांत असतात. शुल्कमाफीवाल्यांची यादी जिन्याखालच्या फळ्यावर टाचणीने टोचलेली.

मी स्वतः ई.बी.सी.चा विद्यार्थी. १९८२च्या संपानंतर वडिलांची गिरणी पुन्हा धडपणे चालली नाही. ते तिच्या कचेरीत कारकून होते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तो अर्ज मी शब्दकोशात लपवून कार्यालयात नेला आणि खिडकीशी गर्दी ओसरेपर्यंत पाणी पिण्याचे निमित्त करून तीन वेळा नळावर गेलो. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पाहिला, एक सही राहिली होती ती दाखवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाळ, उद्या आण, मी ठेवते बाजूला." त्या बाईंचे नाव मी कधी विचारले नाही.

ज्यांना देणगीचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी जमशेटजी टाटांनी १८९२ सालीच तोड काढून ठेवली होती. परदेशी उच्च शिक्षणासाठी त्यांचा निधी मदत देतो, ती कर्ज म्हणून. फेडायची, म्हणजे पुढच्याला मिळते. राष्ट्रपती के. आर. नारायणन तरुणपणी याच निधीवर लंडनला शिकले. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, खेड्यातून आलेल्या मुलांच्या राहण्याजेवणाची सोय करण्यासाठी. पुणे विद्यापीठात भाऊराव पाटलांच्याच नावाची कमवा व शिका योजना आहे. मुले ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काही तास काम करतात आणि त्याचे पैसे घेतात. यांत मान कमी होण्यासारखे काय आहे, हे मला आता, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, मुळीच सांगता येणार नाही. अठराव्या वर्षी विचारले असते तर तासभर सांगितले असते.

आणि हे 'आपल्यासाठी नाही' असे समजणाऱ्या वाचकांसाठी एक-दोन व्यवहाराच्या गोष्टी. सरकारी शुल्क शिष्यवृत्तीची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाखांपर्यंत नेलेली आहे. नोकरदारांची कितीतरी घरे त्यात बसतात. २०२४-२५ पासून, या मर्यादेतल्या आणि सरकारी प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना गेलेल्या मुलींचे शिक्षणशुल्क सरकार पूर्ण भरते. उत्पन्नाचा दाखला जून महिन्यातच काढून ठेवा; प्रवेशाच्या गर्दीत तहसील कचेरीच्या रांगेत उभे राहणे म्हणजे शिक्षाच. मुलाचे बँकखाते आधारशी जोडले आहे का, हे बँकेत जाऊन पाहा; नाहीतर मंजूर झालेला पैसाही वाटेत अडकतो. आणि तुमच्याकडे धुणेभांडी करायला येणाऱ्या बाईंची मुलगी बारावीला असेल, तर हे सगळे तिला सांगा. सांगून थांबू नका, अर्ज भरताना तिच्याशेजारी बसा. पाऊण तास लागतो.

यंदाची यादी काल आली. १७ नावे. त्या मुलीच्या प्रकारानंतर यादी मी गठ्ठ्यात ठेवीत नाही, जेवणाच्या टेबलावर ठेवतो. त्यामुळे पत्नीची चिडचिड होते आणि कामही होते. काल रात्री दहापर्यंत १६ जणांशी फोनवर बोललो. दोघांचा दाखला जुना, एकाच्या आडनावात चूक, एकीचे वडील म्हणाले, "साहेब, आम्हाला कुणाचे उपकार नकोत." त्यांना मी माझी शब्दकोशाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पाठवतो तिला उद्या."

सतरावा मुलगा फोन उचलीत नाही. सकाळी पुन्हा दोन वेळा लावला, बंद आहे. वर्गातल्या मुलांना विचारले, तर तो आठवडाभर आलेला नाही. मुदत शुक्रवारी संपते. अर्जावर पत्ता कळव्याचा आहे, स्टेशनपासून रिक्षा मिळते म्हणतात. दुपारचा तास संपवून जाऊन येतो.